डागडुजी हेही विज्ञानच!

नवी मुंबईतून उरणच्या रस्त्याला लागलात, की न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील उंच याऱ्या दुरूनच दिसू लागतात. हे बंदर १९८९ साली सुरू झाले. तेथे येणाऱ्या प्रत्येक कंटेनरच्या अंगावर चार अक्षरे आणि सात आकडे लिहिलेले असतात. तो कंटेनर कोणाचा, कोणत्या बोटीतून उतरला, आवारात कोणत्या रांगेत ठेवला आणि कोणत्या ट्रकवर चढवायचा, हे सारे त्या क्रमांकावरून संगणक सांगतो. २७ जून २०१७ रोजी या बंदरातल्या एका टर्मिनलचा संगणक हे सांगेनासा झाला.

याऱ्या धडधाकट होत्या. वीज होती. माणसे कामावर हजर होती. पण समोर उभा असलेला माल कोणाचा, हेच कळेना. मग कागद-पेन्सिल घेऊन हाताने काम सुरू झाले आणि बाहेर कंटेनरांची कोंडी होऊ लागली. हे टर्मिनल डेन्मार्कच्या ए. पी. मोलर-मेर्स्क या उद्योगसमूहाकडे होते आणि त्या दिवशी त्या समूहाचे जगभरचे संगणक ‘नॉटपेट्या’ नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने निकामी केले होते. नॉटपेट्याचा उगम युक्रेनमध्ये, कर-हिशेबाच्या एका प्रोग्रॅममधून झाला. त्या देशाशी उरण तालुक्याचा काय संबंध? पण संगणकांच्या जाळ्याला सीमा नसतात. मेर्स्कला पुढे सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले, असे तिच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले.

विद्यार्थी मित्रहो, ही हकीकत मी भीती दाखवण्यासाठी सांगत नाही. या संकटाचे एक दार ज्या सोयीतून उघडले, ती तुमच्या शाळेच्या संगणक-कक्षातही असते. ती सोय म्हणजे जाळ्यावरून फाईल वाटून घेणे. या साध्या सोयीची डागडुजी कोण करतो, कशी करतो आणि आपण त्या कामाला पुरेसा मान देतो का, याविषयी मला आज काही बोलायचे आहे.

संगणकांची बोली

बाईंनी एका संगणकावर प्रश्नपत्रिका ठेवली आणि ती वर्गातल्या वीस संगणकांवर उघडली, असे तुम्ही पाहिले असेल. फाईल एका जागी, वाचणारे अनेक. यासाठी दोन्ही बाजूंना एकमेकांची बोली कळावी लागते. ‘मी अमुक आहे’, ‘मला आत येऊ द्या’, ‘या कप्प्यात काय काय आहे?’, ‘ही फाईल उघडा’, ‘आता बंद करा’ अशी वाक्ये ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या शब्दांत बोलली जातात. विंडोजच्या जगात या बोलीला एस.एम.बी. म्हणतात. ही बोली १९८० च्या दशकातली, म्हणजे तुमच्या आईवडिलांच्या बालपणातली आहे.

या बोलीची पहिली, जुनी आवृत्ती समजून घेणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रॅममध्ये एक दोष होता. विशिष्ट तऱ्हेने रचलेला संदेश पाठवला, तर समोरचा संगणक पाठवणाऱ्याच्या आज्ञा पाळू लागे. मायक्रोसॉफ्टने या दोषावरची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी दिली. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ आणि २७ जूनला नॉटपेट्या याच दोषातून पसरले. म्हणजे दुसऱ्या हल्ल्यापूर्वी साडेतीन महिने औषध बाजारात होते! नॉटपेट्या पासवर्डही चोरत असे. त्यामुळे एका दुबळ्या संगणकात शिरकाव झाला, की तेथे सापडलेल्या पासवर्डच्या बळावर दुरुस्ती बसवलेल्या संगणकातही तो घुसू शके. जाळ्यातल्या एकाने केलेल्या आळसाचे फळ दुसऱ्यालाही भोगावे लागते ते असे.

येथे पहिली गोष्ट ध्यानात घ्या. दुरुस्ती तयार होणे आणि दुरुस्ती पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बंद पेटीचा प्रयोग

आता दुसरी बाजू पाहू. हीच बोली बोलणारा आणखी एक प्रोग्रॅम आहे. त्याचे नाव ‘सांबा’. त्याच्या मूळ आज्ञा कोणालाही वाचता येतात, बदलता येतात आणि वाटता येतात. अशा प्रोग्रॅमला आपण मुक्त-स्रोत म्हणतो. लिनक्सवर चालणारा संगणक विंडोजच्या संगणकांना फाईली पुरवतो, तेव्हा बहुधा पडद्यामागे सांबा असतो.

सांबाचा जन्म भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला आवडेल असा आहे. प्रात्यक्षिकाच्या तासाला मी कधी कधी मुलांना एक बंद पेटी देतो. बाहेर फक्त दोन अग्रे असतात. आत रोध आहे, डायोड आहे की धारित्र, हे पेटी न उघडता ओळखायचे. विद्युतदाब द्या, प्रवाह मोजा, अग्रे उलटी करून पुन्हा मोजा, आलेख काढा आणि अनुमान बांधा. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे पीएच.डी. करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने १९९१-९२ च्या सुमारास नेमके हेच केले. त्याच्या टेबलावरच्या डॉस संगणकाला विद्यापीठातल्या युनिक्स संगणकावरच्या फाईली हव्या होत्या. बोलीचे व्याकरण त्याच्या हाती नव्हते. त्याने दोन संगणकांमधून जाणारे संदेश टिपले. काय विचारले की काय उत्तर येते याची नोंद केली आणि तसेच उत्तर देणारा प्रोग्रॅम लिहिला. पेटी न फोडता त्याने तिच्या आतले ओळखले!

नावाची कथाही गमतीची आहे. आधीचे नाव दुसऱ्या कोणाचे व्यापारी नाव असल्याने बदलावे लागले. तेव्हा त्याने संगणकातल्या शब्दसूचीत एस, एम, बी ही अक्षरे त्याच क्रमाने असलेले शब्द शोधले. त्यात ब्राझीलच्या नृत्याचे नाव निघाले, ‘सांबा’. याच ट्रिजेलने पॉल मॅकेरस याच्यासह १९९६ साली ‘आरसिंक’ हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. दोन फाईलींमध्ये जेवढा फरक असेल तेवढाच जाळ्यावरून पाठवायचा, ही त्याची युक्ती. नकला ठेवण्यासाठी तो आजही सर्वत्र वापरला जातो.

एका तिरक्या रेघेची गोष्ट

‘मग मुक्त-स्रोत वापरले की प्रश्न मिटला. हजार डोळे वाचतात, तेथे दोष राहीलच कसा?’ असे काही उत्साही मंडळी म्हणतात. मीही पूर्वी वर्गात असेच सांगत असे. आता सांगत नाही.

वॉनाक्रायनंतर अवघ्या बारा दिवसांनी, २४ मे २०१७ रोजी, सांबाच्या कार्यकर्त्यांनी आपल्याच प्रोग्रॅममधला एक गंभीर दोष जाहीर केला. तो असा. बाहेरचा संगणक सांबाला एखाद्या सेवेचे नाव सांगतो आणि सांबा त्या नावाची मदतनीस फाईल आपल्या ठरलेल्या कपाटातून काढून चालवतो. ग्रंथपालाला पुस्तकाचे नाव सांगावे आणि त्याने आपल्या कपाटातून ते काढावे, तसे. पण एखाद्या लबाडाने आधी स्वतःचे पुस्तक बाहेरच्या बाकावर ठेवले आणि नावाऐवजी ‘बाहेर, बाकावर’ असा पत्ताच सांगितला, तर? सांबा भाबडेपणाने तेथे जाई, ती फाईल उचली आणि तिच्यातल्या आज्ञा पाळू लागे. संगणकाच्या भाषेत पत्त्याची खूण म्हणजे तिरकी रेघ. सांगितलेल्या नावात तिरकी रेघ आहे का, हे तपासायचेच राहून गेले होते.

दुरुस्ती किती लांबलचक असेल? जेमतेम तीन-चार ओळी! नावात तिरकी रेघ दिसली, तर नकार द्या आणि तशी नोंद करा. बस्स. पण हा दोष मार्च २०१० मधल्या ३.५.० या आवृत्तीपासून होता. सात वर्षे त्या आज्ञा जगातल्या कोणालाही वाचायला खुल्या होत्या.

याचा अर्थ मुक्त-स्रोत वाईट, असा मुळीच नाही. दोष कळल्यावर तो कोठे होता, का होता आणि कसा दुरुस्त केला, हे मी आज तुम्हाला सांगू शकतो ते केवळ आज्ञा खुल्या आहेत म्हणून. पण ग्रंथालयाचे दार उघडे आहे, एवढ्यावरून पुस्तके वाचली जातात असे होत नाही. खुलेपणा आपल्याला दुरुस्तीचा हक्क देतो. दुरुस्ती करण्यासाठी मात्र माणूसच लागतो.

आणि हा माणूस दमतो. मार्च २०२४ मध्ये याचे विदारक उदाहरण जगापुढे आले. फाईली दाबून लहान करणारा ‘एक्सझेड’ नावाचा मुक्त-स्रोत प्रोग्रॅम एकच स्वयंसेवक वर्षानुवर्षे सांभाळत होता. तो थकल्यावर मदतीच्या मिषाने आलेल्या एकाने दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन केला आणि शेवटी त्यात चोरवाट घातली. ती पकडली आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. दूरच्या संगणकात प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढेच त्याला खटकले होते! ‘प्रायोगिक त्रुटी असेल’ म्हणून त्याने ते सोडून दिले नाही. माझ्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर एखादे वाक्य लिहायचे झाले, तर मी हेच लिहीन, ‘अर्धा सेकंद का लागला?’

आमच्या प्रयोगशाळेत

दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या. आता माझी सांगतो. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका जुन्या संगणकावर आम्ही सांबा बसवला आहे. मुलांची निरीक्षणे त्यात साठवली जातात. गायगर-म्यूलर गणित्राला जोडलेला संगणक त्याहूनही जुना, विंडोज एक्सपीवर चालणारा. गणित्राचे कार्ड दुसऱ्या कोणत्याच प्रणालीला ओळख देत नाही.

२०२२ च्या जूनमध्ये, प्रात्यक्षिकाच्या आदल्या संध्याकाळी, मी सर्व्हरची प्रणाली नवी केली. बदलांची यादी वाचली नाही. सकाळी एक्सपीच्या संगणकाला सर्व्हर सापडेना. वर्षभर पार्श्वभूमी-प्रारण मोजणाऱ्या तिघा मुलांचे तोंड पाहण्यासारखे झाले होते.

मी केबलला दोष देऊन मोकळा होणार होतो. पण त्या मुलांनी प्रयोगासारखे काम केले. केबल बदलून पाहिली, फरक नाही. दुसरा संगणक त्याच केबलला जोडला, तो चालला. एक्सपीकडून सर्व्हरला नुसती हाक मारली, उत्तर आले. म्हणजे तार ठीक, पत्ता ठीक, पण बोलणे जमत नाही. मग सर्व्हरची नोंदवही उघडली. तेव्हा कळले की एक्सपीला फक्त एस.एम.बी.ची पहिली, जुनी बोली येते आणि सांबाने सप्टेंबर २०१९ मधल्या ४.११ या आवृत्तीपासून ती बोली आपणहून बंद ठेवली आहे. सांबा बिघडला नव्हता, शहाणा झाला होता.

एक ओळ लिहून जुनी बोली पुन्हा सुरू करता आली असती. मोह झाला, हे कबूल करतो. पण साऱ्या प्रयोगशाळेच्या जाळ्यात जुने दार उघडायचे, तेही एका संगणकासाठी? मुलांनीच दुसरा मार्ग काढला. एक्सपीचा संगणक जाळ्यातून कायमचा काढला. त्याच्या पाठीमागच्या सिरियल पोर्टला केबल लावून निरीक्षणांचे आकडे शेजारच्या नव्या संगणकाकडे पाठवले आणि तेथून ते सर्व्हरवर नेले. आकडे घेणारा प्रोग्रॅम वीस-पंचवीस ओळींचा झाला. त्या दिवशी प्रारणाचे प्रात्यक्षिक झाले नाही. पण मुले त्या दिवशी जे शिकली, ते अभ्यासक्रमात कोठेच नव्हते.

खरेदीला मंजुरी, डागडुजीला नकार

दुःख याचे वाटते, की या कामाला त्यांना एकही गुण मिळाला नाही. नवे उपकरण बनवले असते, तर विज्ञान-प्रदर्शनात मांडता आले असते. चालू असलेली गोष्ट चालू ठेवली, याचे प्रदर्शन कसे मांडणार? संस्थांचे अंदाजपत्रकही असेच असते. नवा संगणक घ्यायला मंजुरी मिळते. जुन्याची नियमित देखभाल करायला वेळ आणि माणूस मागितला, की ‘चालतोय ना?’ असे उत्तर येते.

मुक्त-स्रोताच्या बाबतीत तर ही वृत्ती अधिकच दिसते. भारत सरकारने २०१५ साली मुक्त-स्रोत प्रणाली स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले, ते योग्यच झाले. पण स्वीकारणे हे अर्धेच काम आहे. फुकट मिळाले म्हणजे सांभाळायला लागत नाही, ही समजूत चुकीची आहे. गावची विहीर सर्वांची असते, म्हणूनच तिचा गाळ सर्वांनी मिळून काढायचा असतो. २०२४ साली जर्मनीत अशा कामांसाठी उभारलेल्या सरकारी निधीतून सांबाच्या विकासाला आणि देखभालीला पैसे देण्यात आले. रस्त्या-पुलांसारखी ही सार्वजनिक गोष्ट आहे, हे त्यांनी ओळखले. आपल्या देशात इतके अभियंते आहेत. आपण नुसतेच पाणी भरणारे का राहावे?

काही शिक्षक मित्र म्हणतात, ‘मुलांच्या हाती सर्व्हर दिला, तर ती मोडतील.’ मोडतील, हे खरे आहे. म्हणून आधी नक्कल ठेवावी आणि मोडण्यासाठी एक जुना संगणक वेगळा काढावा. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या फुटतात, म्हणून आपण प्रयोग बंद करत नाही.

तुम्ही काय करू शकता?

तिरक्या रेघेची दुरुस्ती तुम्हाला लगेच लिहिता येणार नाही. तशी अपेक्षाही नाही. पण डागडुजीची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी होते.

पहिले काम, दोष नीट सांगायला शिका. ‘सर, चालत नाही’ ही तक्रार झाली, निरीक्षण नव्हे. मी काय केले, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले, आणि पुन्हा तसेच केल्यावर पुन्हा तसेच होते का, ही चार वाक्ये लिहा. कोणत्याही प्रोग्रॅमचा सांभाळ करणाऱ्याला याहून मोठी मदत नाही.

दुसरे, संगणक-कक्षात एक साधी वही ठेवा. कोणत्या दिवशी काय बदलले, कोणी आणि का, हे तारखेसह लिहा. मी ती ठेवली असती, तर ती सकाळ वाया गेली नसती.

तिसरे, महिन्यातला एक दिवस देखभालीचा ठरवा. त्या दिवशी दुरुस्त्या बसवा, पण आधी बदलांची यादी वाचा आणि नक्कल काढा. ती नक्कल परत उघडते का, हेही पाहा. न तपासलेली नक्कल म्हणजे न मोजलेले निरीक्षण.

चौथे, लिनक्सची ओळख करून घ्या. मुंबईच्या आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने त्याचे प्राथमिक पाठ मराठीतही उपलब्ध करून दिले आहेत.

एक ताकीद मात्र देतो. हे सारे स्वतःच्या किंवा शाळेने परवानगी दिलेल्या संगणकावरच करायचे. दुसऱ्याचे दार उघडे दिसले, तर त्याला सांगावे. आत शिरून पाहू नये. तो गुन्हा आहे.

आणि शिक्षकांना विनंती आहे. प्रकल्पांच्या गुणांत डागडुजीलाही जागा द्या. बंद पडलेली वस्तू का बंद पडली, हे पुराव्यासह सांगणाऱ्या मुलाने विज्ञानाची पद्धत आत्मसात केलेली असते. मग त्याने नवे काही बनवले नसले तरी चालेल.

आमच्या कोकणात पावसाळ्यापूर्वी घराची कौले चाळतात. फुटकी काढायची, सरकलेली नीट बसवायची, कचरा झाडायचा. घर बांधणाऱ्या आजोबांचे नाव दारावर असते. दरवर्षी छपरावर चढणाऱ्याचे नाव कोठेच नसते. पण मृगाचा पहिला पाऊस पडतो आणि आतली माणसे कोरडी राहतात, तेव्हा ती त्या दुसऱ्या माणसामुळे राहतात. संगणकाच्या जगाला अशा माणसांची फार टंचाई आहे. तुमच्यापैकी काहींनी तरी छपरावर चढावे, अशी माझी इच्छा आहे.